नवऱ्याचा कॅन्सर, प्रार्थनेला उत्तर नाही: ख्रिस्ती माणसाने विश्वासात कसं टिकावं?

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यजमानांना तोंडाचा कॅन्सर आहे. जबड्याचं ऑपरेशन झालं, पण गळ्यात पुन्हा गाठ आली, म्हणून आता रेडिएशन चालू आहे. नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यावं लागतं. मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, उपवास-प्रार्थना केल्या, फरक पडला नाही. आजारी बरे व्हावेत म्हणून भरवलेल्या एका आरोग्यसभेत प्रचारकाने सगळ्यांसमोर सांगितलं की या घरात विश्वास कमी आहे, काहीतरी लपवलेलं पाप आहे. तेव्हापासून ताईंना प्रार्थना सुचत नाही, उपासनेत गीत म्हणवत नाही. सासूबाई म्हणतात, ख्रिस्ती बाईने तक्रार करू नये, आपला वधस्तंभ उचलावा. मुलीने कॉलेज सोडून घरी थांबावं असं घरात चाललंय. दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, मंडळीला द्यायला पैसे उरत नाहीत, तो थांबवला तर चालेल का? आणि शेवटी त्यांनी विचारलंय, "मी अजून विश्वासू आहे का?"

ताई, सलाम.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे त्याच्याच पोटात आहेत. तुमचा विश्वास गेलेला नाही. प्रार्थना सुचत नाही याचं तुम्हाला दुःख होतंय, गीत म्हणवत नाही म्हणून जीव तुटतोय. देवाशी नातं संपलेल्या माणसाला याचं काहीच वाटत नाही. तुमचा विश्वास थकलाय, आणि थकलेल्याला काय लागतं ते पुढे बघू.

मी बरीच वर्षं पाळक होतो. त्याच काळात मेडिकल, मेयो आणि कॅन्सर हॉस्पिटलच्या वॉर्डांत आजाऱ्यांच्या भेटीला जाण्याचं काम माझ्याकडे होतं, निवृत्तीनंतरही ते सुटलं नाही. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. दुःखात जी माणसं प्रभूला धरून राहिली ती फार कणखर होती म्हणून राहिली, असं मला दिसलं नाही. ती देवापुढे मोकळेपणी रडली, त्याच्याशी भांडली, आणि स्वतःला चालवेना तेव्हा त्यांनी दुसऱ्यांना आपल्याला उचलू दिलं. जी तुटली, त्यांतली पुष्कळशी "आम्ही ठीक आहोत, प्रभूची स्तुती असो" एवढंच बोलत राहिली होती, आणि मंडळीनेही त्यांना दुसरं काही बोलू दिलं नव्हतं.

आता त्या आरोग्यसभेतल्या बोलण्याविषयी. ते तुमच्या मनात रुतून बसलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा प्रश्न शास्त्रात थेट विचारला गेला आहे. योहानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. लूकच्या १३ व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचा विषय निघतो. ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, असं विचारून प्रभू स्वतःच नाही म्हणतो. ईयोबाचे मित्र तर अध्यायामागून अध्याय हाच हिशेब मांडत बसतात, की तुझ्यावर आलं म्हणजे तू काहीतरी केलं असणार. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग पेटतो तो या मित्रांवर. त्यांनी एकच गोष्ट बरोबर केली होती. सुरुवातीचे सात दिवस ते काही न बोलता ईयोबाशेजारी जमिनीवर बसून राहिले होते.

आणि पौलाकडे बघा. त्याच्या हातून कितीतरी आजारी बरे झाले. त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवलं, हे त्याने तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी सरळ लिहून टाकलं आहे. तीमथ्याचं पोट वारंवार बिघडायचं, त्याला त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही. यांच्यापैकी कोणाचा विश्वास कमी होता? ज्या सभेत पौलालाही "लपवलेलं पाप कबूल कर" असं ऐकून घ्यावं लागलं असतं, त्या सभेच्या शिकवणुकीत खोट आहे. तुमच्या घरात ती शोधू नका. आणि कोणीही, कितीही मोठ्या नावाचा असो, औषध बंद करा म्हणाला तर तिथून उठून घरी या. रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, सहासात आठवडे चालतं, आणि मध्ये खंड पडला तर त्याचा गुण कमी होतो. रोज वेळेवर यजमानांना मशीनखाली नेऊन निजवणं हासुद्धा सध्या तुमच्या विश्वासाचाच भाग आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण नागपुरात तोंडाचा कॅन्सर म्हटला की मला ती विचारावीच लागते. ते खर्रा खात होते का? पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून देतात त्या पुडीने आपल्या विदर्भातली किती घरं पोखरली आहेत, ते वॉर्डात गेल्याशिवाय कळत नाही. खात असतील तर कारण डॉक्टरांना ठाऊक आहे, आणि ते शरीरातलं कारण आहे. देवाने पाठवलेली शिक्षा असं त्याला म्हणू नका. तसं असतं तर आयुष्यभर खर्रा चघळून धडधाकट राहिलेल्यांचं काय, आणि कधी सुपारीलाही हात न लावता याच वॉर्डात आलेल्यांचं काय?

पण याच्या आड आणखी एक गोष्ट असते, आणि तिच्याविषयी मंडळीत कोणी बोलत नाही. बायकोचा राग. वर्षानुवर्षं "सोडा हो" म्हणून विनवलं, त्यांनी ऐकलं नाही, आणि आता नळी धुणं, लाळ पुसणं, रात्रीचं जागरण, कर्ज, सगळं हिच्या डोक्यावर. असा राग तुमच्या मनात असेल तर पाप समजून दाबू नका. आधी देवापुढे बोला, मग एखाद्या समजूतदार बहिणीजवळ बोला, आणि जमलं तर एखाद्या शांत दुपारी यजमानांशीही बोला. त्यांनाही ते ठाऊक असतं, तेही वाट बघत असतात. असं एकदा बोलणं झाल्यावर जी क्षमा होते ती टिकते. राग आत ठेवून वरवर केलेली क्षमा पहिल्याच चिडचिडीत गळून पडते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

सासूबाई तक्रार करू नको म्हणतात. त्यांच्या पोटचा मुलगा तो, त्यांचंही काळीज फाटत असणार. कदाचित तुम्हाला सांगता सांगता त्या स्वतःलाच बजावत असतील. पण शास्त्र त्यांच्या बाजूने नाही. स्तोत्रसंहिता उघडा. देवा, किती काळ, तू तोंड का फिरवलंस, तू झोपलास का, असं विचारणारी स्तोत्रं तिथे जागोजाग सापडतील. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी दिलासा नाही, हालेलूया नाही. तरीही ते उपासनेच्या पुस्तकात राहिलं, कारण अंधारातूनसुद्धा ते हाक देवालाच मारतं. यिर्मयाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला आणि त्याच देवाचा संदेष्टा राहिला. वधस्तंभावर प्रभूने फोडलेला आक्रोश ही २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. मरताना आपल्या प्रभूच्या तोंडी तक्रारीचं स्तोत्र होतं, हे आपण गुड फ्रायडेला ऐकतो आणि ईस्टर येताच विसरतो.

यावर कोणी म्हणेल, रानात इस्राएल लोकांनी कुरकुर केली तेव्हा देव रागावला, त्याचं काय? रागावला, खरं आहे. पण ते लोक देवाशी बोलतच नव्हते. तंबूत बसून आपसात धुसफुसत होते आणि मिसरात परत जायचं ठरवत होते. स्तोत्रं रचणारा दावीद जे बोलला ते देवाच्या तोंडावर बोलला. तुम्ही रात्री दोन वाजता, नळीत सूप सोडताना, "प्रभू, तुला दिसत नाही का?" असं म्हणाला असाल तर ती प्रार्थनाच झाली. तिला आमेन जोडायची गरज नाही.

एलीयाची गोष्ट मी आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसांना मुद्दाम वाचून दाखवतो. पहिल्या राजांच्या १९ व्या अध्यायात तो रानात रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. एवढा मोठा संदेष्टा! देवाने तेव्हा त्याला उपदेश केला नाही. दूताने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. तो खाऊन पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवून खायला घातलं. देवाचं बोलणं झालं ते त्यानंतर. म्हणून मी तुम्हाला विचारतो, तुम्ही शेवटचं रात्रभर कधी झोपलात? गरम पोळी बसून कधी खाल्लीत? जिला तुम्ही आत्मिक कोरड म्हणताय, तिच्यातला मोठा भाग नुसती झोपेची उपासमार असू शकतो. आणि झोप आली तरी लागत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक १४४१६ आहे, तिथे फुकट बोलता येतं, मराठीतही. त्यात विश्वासाला कमीपणा काही नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उस्तरतात आणि त्याला येशूपुढे खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाने काही म्हटल्याचं तिथे कुठेच नाही. कदाचित त्याच्यात म्हणायचं बळच उरलं नव्हतं. विश्वास ही एकट्याने छातीशी धरून ठेवायची वस्तू आहे असं आपण धरून चालतो आणि मग ती निसटली की घाबरतो. मंडळी कशासाठी आहे? तुम्हाला प्रार्थना सुचत नसेल तेव्हा तुमच्यासाठी दुसऱ्या कोणी करायची, यासाठीच.

मेडिकलच्या वॉर्डात एक ऑटोवाले भाऊ होते, तुमच्या यजमानांसारखाच आजार. जबडा बोटभरसुद्धा उघडत नव्हता. बोलणं सगळं शाळेच्या दुरेघी वहीत. एके दिवशी त्यांनी प्रभुभोजन हवं असं लिहिलं. गिळता तर येत नव्हतं. मी भाकरीचा कण द्राक्षरसात बुडवून त्यांच्या खालच्या ओठाला टेकवला, आणि तोच कण त्यांच्या बायकोने घेतला. मग त्यांनी वहीत लिहिलं, "गाणं." मी एक जुनं गीत सुरू केलं, पलीकडच्या खाटेपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी साथ धरली. त्यांच्या बायकोच्या तोंडून मात्र आवाज फुटेना. ती खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटाने नुसता ताल धरून उभी होती, आणि आपण गात नाही याची तिला लाज वाटत असल्याचं दिसत होतं. नवऱ्याने पुन्हा पेन घेतलं. वाकड्या अक्षरात लिहिलं, "तू आयक फक्त. मी बी आयकूनच रायलो."

ताई, तुम्हीही सध्या एवढंच करा. गीत म्हणवत नाही तर म्हणू नका. बसून ऐका. तुमच्या वाट्याचं शेजारच्या बाकावरची माणसं म्हणतील. घरी प्रार्थना करताना स्वतःचे शब्द शोधत बसू नका, एखादं स्तोत्र हळू आवाजात वाचा. तेही जमत नसेल तर "प्रभू, दया कर" एवढे तीन शब्द पुरेत. यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाची हाकही जवळजवळ एवढीच होती.

वधस्तंभ उचलण्याविषयी मात्र मला सासूबाईंशी थोडं भांडावं लागेल. मार्कच्या ८ व्या अध्यायात प्रभू ज्या वधस्तंभाविषयी बोलतो तो त्याच्यामागे चालल्यामुळे वाट्याला येणारा आहे. त्याची खूण मी अशी सांगतो: येशूचं नाव सोडलं तर तो खाली ठेवता येतो, आणि माणूस ठेवत नाही. नागपुरात असा वधस्तंभ वाहणारी माणसं आजही आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजूनही नाहीत. त्यामुळे दलित घरातला मुलगा बाप्तिस्मा घेऊन तो कागदावर लिहितो, तेव्हा त्या सवलतींवर पाणी सोडतो. जातीवरून होणारं हिणवणं मात्र काही कागदाबरोबर जात नाही. भाऊबंद म्हणतात, एक ओळ बदल, काय बिघडतं? तो बदलत नाही. मला त्या मुलांविषयी फार आदर आहे. आणि ज्यांना घरच्या गरिबीमुळे ते जमलं नाही, त्यांना दगड मारायला मी जाणार नाही.

कॅन्सर तसा नाही. येशूला नाकारून तो उतरत नाही. तो आजार आहे आणि आजारावर उपचार करायचे असतात. प्रभूने आजाऱ्यांना, "हा तुझा वधस्तंभ, गप्प बसून सोस," असं कधी म्हटलं नाही, त्याने त्यांना बरं केलं. म्हणून दुखणं सोसण्यात पुण्य आहे असं यजमानांना वाटू देऊ नका. काही जण सांगतात, प्रभूने वधस्तंभावर जाण्याआधी गुंगीसाठी दिलेला बोळ मिसळलेला द्राक्षारस घेतला नाही, म्हणून आम्हीही मॉर्फिन घेणार नाही. त्या दिवशी त्याला जे करायचं होतं ते त्याने शुद्धीवर राहून केलं, आणि ते एकदाच करायचं होतं. आपल्याला त्याने उदाहरण दिलं ते चांगल्या शोमरोन्याचं, जो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो. डॉक्टर मॉर्फिनच्या गोळ्या देत असतील तर घड्याळ लावून द्या. वेदना कमी झाल्या की माणूस पुन्हा बोलायला, प्रार्थना करायला, नातवंडाचा हात धरायला मोकळा होतो.

तसंच, जाता जाता पण स्पष्ट सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत अशा बहिणीही असतील: नवऱ्याचा मार हाही वधस्तंभ नाही. तो गुन्हा आहे, आणि तिथून बाहेर पडल्याने कोणाचा विश्वास मोडत नाही.

तुमच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वधस्तंभाच्या अगदी जवळ जाते. आजार तुम्ही निवडला नाही, पण आजाऱ्यापाशी राहणं रोज निवडताय. माहेरी निघून जाता आलं असतं, गेला नाहीत. ते प्रभू बघतोय.

त्यागाचा प्रश्न याला लागूनच येतो. त्याग म्हटलं की आपण किती सोडलं ते मोजतो. मी आधी विचारतो, किंमत कोण मोजतंय? नारायण वामन टिळकांची गोष्ट आपल्याकडे उपदेशात नेहमी येते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली आणि त्याच्याकडून बायबल मिळालं. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. जात, घर, मित्र, सगळं गेलं. तो त्याग खराच. पण त्याची निम्मी किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली, आणि निर्णय त्यांचा नव्हता. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, लोकांचं ऐकून घेतलं. १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या समजुतीने, स्वतःच्या पायांनी चालत येऊन. मला विचाराल तर दोघांत लक्ष्मीबाईंची वाट जास्त खडतर होती, आणि आपल्या उपदेशांत ती जवळजवळ येतच नाही.

म्हणून मुलीविषयी मी ठामपणे सांगतो, तिचं कॉलेज सोडवू नका. तिने रोज दोन तास वडिलांजवळ बसावं, सुट्टीत जास्त बसावं, त्याने तिचंही भलं होईल. पण घरातल्या मोठ्यांचा भार उचलायला कोणी नाही म्हणून तिच्या आयुष्याला कात्री लावणं, आणि त्याला देवापुढचा त्याग म्हणणं, हे प्रभूला मान्य नाही. मार्कच्या ७ व्या अध्यायात तो याच गोष्टीवर चिडला आहे. आईबापांना द्यायचं ते "कुर्बान, देवाला वाहिलं" म्हणून राखून ठेवणाऱ्यांना त्याने चांगलंच सुनावलंय. देवाचं नाव घेऊन घरच्या माणसाचा हक्क मारायचा नाही, मग तो म्हाताऱ्यांचा असो की लेकराचा.

दशमांशाचंही उत्तर त्यातच आहे. थांबवा, आणि अपराधी वाटून घेऊ नका. विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे तिने दानपेटीत टाकलेल्या दोन छोट्या नाण्यांची, गोष्ट तुम्हाला कोणी ऐकवली तर मार्कच्या १२ व्या अध्यायात त्याच्या अगदी आधीचं वचन वाचून दाखवा. लांबलचक प्रार्थना करून विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर प्रभू तिथे कोरडे ओढतोय, आणि लगेच पुढे ही विधवा येते, आपली सगळी उपजीविका टाकते. मी ती दोन्ही वचनं कधी वेगळी वाचत नाही. आज तुम्ही देणाऱ्यांच्या रांगेत नाही, मंडळीने ज्यांना द्यायचं त्यांच्या रांगेत आहात. पहिल्या मंडळीत सात जण निवडले गेले ते रोजच्या वाटणीत विधवांची आबाळ होऊ नये म्हणून. आपल्या मंडळीच्या सेक्रेटरींना मदतनिधीविषयी विचारा. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून चालू नसतील तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन उद्याच भेटा. त्या टेबलापाशी न जाता मंगळसूत्र गहाण ठेवलेली घरं मला माहीत आहेत.

आता अवघड भाग. तुम्ही लिहिलं नाही, पण ओळींच्या मागे तो आहे: ते बरे झाले नाहीत तर?

इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात विश्वासवीरांची यादी आहे. तिच्यात एका ठिकाणी लिहिलंय की काही जण तरवारीच्या धारेपासून वाचले, आणि तीनच वचनं पुढे, काही जण तरवारीने मारले गेले. दोघांच्या विश्वासाला एकच शाबासकी. निकालावरून विश्वास मोजायची सोय त्या अध्यायाने ठेवलेली नाही. शद्रख, मेशख आणि अबेदनगो त्यांना आगीच्या भट्टीत टाकायला निघालेल्या राजाला म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. त्या "नाही सोडवलं तरी"मध्ये तुमच्या सगळ्या प्रार्थना बसतात.

आपल्या नागपूरचंच सांगतो. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, शाळा काढल्या, गोंडांमध्ये फिरले, इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना पूर आलेला नाला ओलांडताना ते बुडून गेले. वय पंचेचाळीस. मागे बायको-मुलं. छळ नव्हता, हौतात्म्य नव्हतं, पावसाळ्यातला एक नाला होता. वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांच्या नावाने कॉलेज निघालं. पुष्कळ उपदेशक ते मरण आणि हे कॉलेज पटकन जोडून टाकतात, म्हणजे देवाची योजना कळल्यासारखी होते. मी जोडत नाही. त्यांच्या बायकोला त्या रात्री कोणी कॉलेजचं सांगितलं असतं तर तिला काय वाटलं असतं? देव भंगलेल्यातूनही काही उभं करतो, हे मी मानतो. पण ते उभं राहिलेलं काही गेलेल्या माणसाची किंमत नसते, आणि "का" याचं उत्तरही नसतं. ते उत्तर मजजवळ नाही, शास्त्रात ईयोबालाही मिळालं नाही. त्याला देव भेटला.

म्हणून बरं होण्यासाठी मागत राहा, शेवटपर्यंत. त्याच्याबरोबर लहान गोष्टीही मागा: आज रात्री खोकला कमी येवो, तोंडातले व्रण भरून येवोत, भावाशी तुटलेलं बोलणं पुन्हा जुळो. आणि यजमान मरणाविषयी बोलायला लागले तर "असं अभद्र बोलू नका" म्हणून गप्प करू नका. खुर्ची जवळ ओढा, विचारा: कशाची भीती वाटते? कोणाला भेटायचंय? बँकेचे, घराचे कागद कुठे आहेत? ज्या घरांत हे बोलणं झालं त्या घरांत नंतरचं दुःख मोठंच होतं, पण त्यात खंत कमी होती. पौल थेस्सलनीकरांना रडू नका म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका म्हणतो. लाजाराला आपण आता उठवणार आहोत हे ठाऊक असूनही प्रभू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. पुनरुत्थान खरं आहे म्हणून अश्रू खोटे ठरत नाहीत.

या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना बाजूला घेऊन नेमकं मागा. आठवड्यातून दोन रात्री एखाद्या भावाने यजमानांजवळ झोपावं, महिला मंडळाने एक वेळचा डबा लावावा, रेडिएशनच्या दोन दिवसांची ने-आण कोणीतरी गाडीवाल्याने करावी. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे वार आणि वेळ सांगा, बहुतेक लोक तेवढ्याचीच वाट बघत असतात. नळीतून अन्न कसं सोडायचं ते नर्सकडून दोघातिघांना शिकवून घ्या, म्हणजे तुमच्यावाचून अडणार नाही. आणि एका दुपारची पाळी सासूबाईंना द्या. त्यांनाही मुलाजवळ एकटीने बसून रडायला जागा हवी आहे. तेवढा वेळ तुम्ही आतल्या खोलीत दार लावून झोपा.